तापीमायचा पट्टा

एप्रिलात खानदेशात जाणार, असं मी सांगितलं तेव्हा सांगलीतल्या आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं मला टोपी आणून दिली. कुणी कापडी, कुणी गवती, एकानं तर मुलाची क्रिकेटची. मी त्यातली एकच नेली आणि तीही दुसऱ्याच दिवशी एसटीत विसरलो. पुढचा सगळा उन्हाळा मी डोक्याला पंचा गुंडाळून काढला आणि परत आल्यावर सगळ्यांना टोप्या फार उपयोगी पडल्या म्हणून सांगितलं.

मी धंद्यानं घड्याळजी. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत दुकान आहे. चावीची घड्याळं होती तोवर दुकानासमोर लोक उभे असायचे. मग सेलवाली घड्याळं आली. ती बिघडली की लोक दुरुस्त करत नाहीत, नवीन घेतात. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक आता फक्त सेल बदलायला येतं, आणि डोळ्याला भिंग लावून सेल बदलताना मलाच माझी लाज वाटते. सोमवारी दुकान बंद असलं की मी कृष्णेच्या घाटावर पाखरं बघत बसायचो. तशात पेपरात एक जाहिरात दिसली. निसर्ग-संवर्धनाचा अभ्यासक्रम, दोन वर्षांचा, धडे पोस्टानं येणार आणि वर्ग फक्त रविवारी, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून करता येण्यासारखा. वर्गात पहिल्या दिवशी गेलो तेव्हा पोरं उठून उभी राहिली. मीच शिक्षक आहे असं त्यांना वाटलं.

शेवटच्या टप्प्याला प्रत्यक्ष काम करावं लागतं. आमच्या सरांनी मला धुळ्याला सोनवणेबाईंकडे पाठवायचं ठरवलं. बाईंची नद्यांवर काम करणारी छोटी संस्था होती, आणि त्यांना कायमचा माणूस हवा होता. तापीच्या वाळूत नदीसुरय नावाचे पक्षी अंडी घालतात, ती घरटी उन्हाळाभर बघायची. काम बाईंना पसंत पडलं तर नोकरी तिथंच.

माझी बायको शालन घरी शिवणकाम करते. तिनं मशीन न थांबवता सांगितलं, "नोकरी मिळाली तर दुकान बंद करा. नाही मिळाली तर हा नाद बंद करा. दोन्ही उघडं ठेवून घर चालत नाही." तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. रागातच बॅग भरली.

जळगाव

गाडी उशिरा पोचली आणि धुळ्याची एसटी गेली, म्हणून एक मुक्काम जळगावात करावा लागला. आमच्याकडे दुपारी बाजारात माणसं असतात. इथं दुपारी रस्त्यावर फक्त वारा होता, तोही भट्टीसमोरून आल्यासारखा. लॉजच्या मॅनेजरनं खोलीची चादर पाण्यात भिजवून, पिळून माझ्या हातात दिली. ती पांघरून झोपायचं, असं त्यानं सांगितलं. मी हसलो. अर्ध्या तासानं मीच खाली जाऊन दुसरी मागितली.

जेवायला शेवभाजी होती. मी सांगलीचा माणूस, शिवाय कोल्हापूरचे पाहुणे असलेला, त्यामुळे तिखटाचं मला कौतुक सांगायचं नाही, अशा तोऱ्यात बसलो. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. वाढणाऱ्यानं न विचारता ताक आणून ठेवलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. एवढी सभ्यता मी फार थोड्या हॉटेलांत पाहिली आहे.

मी घड्याळजी आहे हे बोलता बोलता मॅनेजरला सांगितलं, ही मात्र चूक झाली. सकाळी दारात तो भिंतीवरचं घड्याळ काखेत घेऊन उभा होता. शेजारच्या दुकानदाराचं एक आणि त्याच्या मेव्हण्याचं एक त्याच्यामागून आलं. घड्याळं सोडून दुसरं काही करायचं म्हणून मी इतक्या लांब आलो आणि पहिल्याच सकाळी लॉजच्या ओट्यावर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. खोलीचं भाडं त्यानं घेतलं नाही.

एसटी निघाली तेव्हा गिरणेच्या बाजूला केळीचे मळे लागले. खिडकीतून एकदम ओला गार वारा आत आला आणि बसमधली सगळी माणसं एका वेळी बोलायची थांबली. मग मळे संपले आणि धुळ्यापर्यंत कापूस काढून झालेली रिकामी रानं होती. माझी टोपी याच बसमध्ये राहिली.

धुळे

पांझरेच्या काठाजवळ दोन खोल्यांत संस्थेचं ऑफिस होतं. सोनवणेबाई पन्नाशीच्या, सुती साडीवर कापडी बूट घातलेल्या. माठातलं पाणी त्यांनी स्वतः ओतून दिलं आणि मी पेला खाली ठेवायच्या आत बोलायला लागल्या.

"घड्याळं करता ना? मग हात चळवळे असतील तुमचे."

"स्थिर आहेत बाई. धंदाच तसा आहे."

"मी वेगळं म्हणतेय. बिघडलेलं दिसलं की उघडायला बघाल." त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. "तिथं तसं करायचं नाही. घरट्याला हात लावायचा नाही. काही हाकलायचं नाही. काही वाचवायचंही नाही. कुत्र्यानं अंडं खाल्लं तर कुत्र्यानं खाल्लं. नदीत खरं काय होतं ते मला हवंय. तुम्ही मध्ये पडलात की ते खरं राहत नाही."

हे मला पटलं. घड्याळ उघडण्याआधी नुसतं बघायचं, हे आम्हीही शिकणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो. मी तसं म्हणालो. बाईंनी मान हलवली आणि याआधी पाठवलेले दोघं उन्हाला कंटाळून पळाले, अशी बातमी मला दिली. संध्याकाळी त्यांच्या घरी जेवलो. त्यांच्या हातची उडदाची डाळ आणि भाकरी यांच्याविषयी मी एवढंच म्हणेन की, त्या रागावल्या तरी त्यांच्याकडे पुन्हा जेवायला जायला मी तयार आहे.

तापी

शिंदखेड्याहून दुसरी एसटी, आणि पुढे बैलगाडीच्या वाटेनं पायी. कृष्णा बघत वाढलेल्या माणसाला नदी म्हणजे घाट, देऊळ आणि काठोकाठ पाणी. इथं आधी उंच दरड उतरलो, मग वाळू लागली. चालत राहिलो तरी वाळूच. तिच्या पार पलीकडे पाण्याची निळी रेघ. आणि त्या पांढऱ्या वाळूत हिरव्या रांगा: कलिंगडं आणि खरबुजं. भोई समाजाची पाच-सहा घरं दर साली पूर ओसरला की या वाळूत वाड्या लावतात, आणि उन्हाळा संपेपर्यंत तिथंच झोपड्या घालून राहतात.

पहिल्या झोपडीपुढे एक म्हातारा पाट्या विणत होता. पाट्या म्हणजे फळं वाहायच्या उथळ, रुंद टोपल्या. त्याचं नाव सुपडू नाना, बोली अहिराणी.

"कथाईन उनात भाऊ?"

"सांगलीहून."

"बहू दूर. आठे काय काम शे?"

"पाखरं बघायला आलोय."

नानांच्या हातातली बांबूची कामटी थांबली. "पाखरे दखाना पगार भेटस?"

"अजून नाही. बघणं जमलं तर पुढं मिळेल."

नानांनी आत बघून हाक मारली, "ऐकं का, ह्या भाऊ पाखरे दखाले सांगलीथीन उनात!"

आतून त्यांची बायको बाहेर आली. सगळी वस्ती तिला अक्का म्हणायची, पुढे मीही म्हणायला लागलो. तिनं माझा लाल झालेला चेहरा बघितला. "मंग त्यास्ले बठाले सांगा ना. पाखरे काय पळी जाई राहिनात का?"

अशा रीतीनं मी तिथला झालो. त्यांच्या शेजारी मला एक झोपडी मिळाली, तुरीच्या तुराट्यांची आणि वरून कपाशीच्या पऱ्हाट्या टाकलेली. पहाटे उठून मी घरटी बघायला जायचो. घरटं म्हणजे काय, तर वाळूत टाच दाबून फिरवल्यासारखा खळगा, आणि त्यात वाळूच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची दोन-तीन अंडी. पक्षी मात्र देखणा. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. टोपी त्यालाच शोभते. ऊन तापलं की मादी पाण्यावर जाऊन पोट भिजवून यायची आणि ते ओलं पोट अंड्यांवर टेकवायची. जळगावच्या मॅनेजरची चादर मला तेव्हा आठवली.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोळ्यांत भरली होती. वाड्यांच्या हिरव्या पट्ट्यांत पाण्याकडचा एक पट्टा पूर्ण रिकामा होता. नुसती वाळू. बहुतेक सगळी घरटी त्यातच. पाणी जवळ, जागा चांगली, मग तिथं वेल का नाहीत? मी अक्काला विचारलं. ती तेव्हा खाटेवर बिबडे वाळत घालत होती. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. आमच्याकडे उन्हाळ्यात गव्हाच्या कुरडया असतात, इथं हे. ओला बिबडा तेल-तिखट लावून तिनं माझ्या हातावर ठेवला आणि मग सांगितलं.

पाणी ओसरलं की सगळी घरं दोर टाकून वाळू मोजतात, तिचे पट्टे पाडतात आणि चिठ्ठ्या टाकून वाटून घेतात. वाटणी नाना करतात. घरं असतील त्यापेक्षा एक पट्टा जास्त पाडायचा. तो तापीमायचा. त्यात कुणी पेरायचं नाही, त्यातून चपला घालून जायचं नाही.

"जमीन तिनी शे भाऊ," अक्का म्हणाली. "आपन तिना दारमा बठेल शेतस. तिना वाटा काढा बिगर कसं चाली?"

"आणि पाखरं?"

"पाखरे बठतस तठे. त्यास्ले कोन सांगं काय माहीत."

पक्ष्यांसाठी म्हणून त्यांनी काहीच केलेलं नव्हतं. मला हे फार आवडलं.

नानांचं मनगटी घड्याळ बंद होतं. मी ते उघडलं तर आत चिमूटभर तापीची वाळू. धुऊन, तेल देऊन चालू केलं. त्या दिवसापासून नाना कुणी न विचारता वेळ सांगायला लागले. वस्तीवर माझं नाव घड्याळवाले भाऊ पडलं. दुपारी झोपडीत पडलो की शालनची आठवण यायची आणि तिला हे सगळं दाखवावंसं वाटायचं. मी त्या वाळूत सुखी होतो. दुकानात मी बरीच वर्षं सुखी नव्हतो, हे मला तिथं पडल्या पडल्या कळलं. आणि बाईंना काम पसंत पडलं नाही तर पुन्हा सेल बदलत बसायचं, या विचारानं उठून बसायचो.

पाण्याच्या आधी

गावचा कोतवाल दरडीवरून ओरडत खाली आला. "पानी सुटनं! परवा सांजले आठे पोचस! बठ्ठा माल उचला!"

वरच्या धरणातून दर उन्हाळ्यात पाणी सोडतात, पण एरवी वाड्या आटोपल्यावर. यंदा खालच्या शहरांत प्यायलाच पाणी उरलं नव्हतं. त्याबद्दल कुणाला बोल लावणार? वस्तीवर कुणी लावलाही नाही. लगेच कामाला लागले.

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, तुमना पाखरे ते गयात आते."

ते मला सांगायला नको होतं. तापीमायचा पट्टा सगळ्यांत खाली, पाण्याला चिकटून. गुडघाभर पाणी चढलं तरी सगळी घरटी बुडणार. मी काय करायचं तेही ठरलेलं होतं. दरडीवर बसायचं आणि बघायचं. घरटी बुडाली, असं बाईंना सांगायचं. ते काम चोख झालं असतं.

उचलीची त्यांची एक रीत आहे. त्या दिवशी पाट्या कुणाच्याही एकट्याच्या नसतात. सगळ्या घरांच्या पाट्या एका जागी आणतात आणि पट्ट्यांप्रमाणे सारख्या वाटतात, म्हणजे ज्याच्या घरी माणसं जास्त त्याचंच आधी भरायला नको. नाना वाटायला बसले. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती.

"पट्टा कितला शेत?" तिनं विचारलं.

नानांनी घरं मोजून आकडा सांगितला.

"तापीमायना पट्टा धरीसन सांगा."

"माल बुडी राहिना, आन तुले काय सुचस?"

"पाट्या पट्टापरमाने वाटतस ना? मंग तिना वाटान्या पाट्या कोठे गयात?"

"तिना पट्टामा माल शे का?"

"आते शे ना!" अक्का म्हणाली. "अंडा शेत, पिला शेत. तिनं पीक तेच शे."

कुणाची तरी सून हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. दर साली तापीमायच्या वाट्याला पाट्या येत नसत, कारण तिथं उचलायला काही नसे. आणि तसं कुणी कधी विचारलंही नव्हतं. नाना पाट्या पुन्हा मोजायला लागले. पट्टे त्यांनी स्वतः पाडले होते, दोर त्यांनी स्वतः धरला होता. शेवटी त्यांनी एक ढीग बाजूला सरकवला. मोठा ढीग होता. तेवढ्या पाट्या गेल्या म्हणजे इतरांना फळं गोधड्यांत आणि लुगड्याच्या ओच्यांत वाहावी लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

अक्कानं तो ढीग माझ्यापुढे आणून ठेवला. "ल्या भाऊ. आते तुम्ही सांगा काय करनं शे."

मी खरं सांगतो, मला आधी नोकरीच दिसली. बाईंचे शब्द आठवले आणि शालनचेही. तुमच्या पाट्या परत घ्या, मला हात लावायची परवानगी नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते अक्काच्या तोंडावर म्हणवेना. "जरा बघून येतो," असं म्हणून मी पट्ट्याकडे गेलो. सगळ्यांत जुन्या घरट्यापाशी ओणवा झालो. बंद घड्याळ कानाला लावून बघायची माझी जन्माची सवय. अंड्याला हात न लावता मी कान खाली नेला. आतून बारीक टकटक येत होती, आणि मध्येच एक चिवचिव. आतलं पिल्लू कवच फोडायला लागलं होतं.

चालू घड्याळ मी आजवर पाण्यात जाऊ दिलेलं नाही. मी उठलो आणि नानांकडे रिकामी पोती मागितली.

काम भराभर उरकण्यासारखं नव्हतं. घरटं एकदम उंच केलं तर पक्षी ओळखत नाही, आणि भर उन्हात आई जास्त वेळ उठली तर अंडं शिजतं. म्हणून त्या संध्याकाळी पहिली उचल केली. घरट्याच्याच जागेवर वाळू भरलेली पाटी ठेवायची, तिच्यात तसाच खळगा करायचा, अंडी तशीच मांडायची आणि लांब जाऊन पालथं पडायचं. पक्षी आरडाओरडा करत डोक्यावरून जायचे, एकानं माझ्या पंच्यावर घाणही केली. मग एक मादी पाटीच्या काठावर उतरली. इकडे तिकडे बघितलं. आणि बसली. मला हुंदका आला. वाळूत तोंड खुपसून मी तो तिथंच जिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीखाली वाळूचं पोतं, आणि पाणी यायच्या दिवशी सकाळी दुसरं पोतं. अक्का आणि दोन बायका मदतीला होत्या. बाकीची वस्ती कलिंगडं वाहत होती. जाता येता ती माझ्याकडे बघायची, आणि त्या नजरेत राग नव्हता असं मी म्हणणार नाही.

पाणी आलं ते आवाज न करता. पुढे फेस आणि पालापाचोळ्याची एक जीभ वाळूवरून सरकत आली, आणि तिच्यामागून नदी. उरलेली वाड्यांची टोकं बुडाली. तापीमायचा पट्टा दिसेनासा झाला आणि पाण्यावर फक्त पाट्या राहिल्या. एक पोतं घसरलं आणि एक पाटी आमच्या डोळ्यांदेखत कलंडली. दोन-तीन पाट्यांवर पक्षी बसलाच नाही, शेवटपर्यंत. बाकीच्यांवर बसले होते. नानांच्या पट्ट्यातली बरीच खरबुजं वाहून गेली. ती पाण्यातून जाताना दिसत होती.

"नाना," मी म्हणालो.

"गयात ते गयात," नाना म्हणाले आणि घड्याळाकडे बघून मला वेळ सांगितली.

सोनवणेबाई

बाई दुसऱ्या दिवशी जीपनं आल्या. दरडीवर उभ्या राहून त्यांनी पाण्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"पाट्या."

"ते दिसतंय मला. मी काय सांगितलं होतं?"

"हात लावायचा नाही."

"आणि?"

"वाचवायचं नाही."

बाईंचा आवाज चढला नाही, त्यानं मी जास्त घाबरलो. "तुमचं यंदाचं काम बाद. पुरात घरट्यांचं काय होतं ते मला कळायला हवं होतं, आता ते कळणार नाही. तुमच्या सरांना मी तसं कळवणार. नापास."

त्यांचं बरोबर होतं. माझंही चुकलं असं मला वाटत नव्हतं, पण ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता.

बाईंनी बूट काढले, साडी खोचली आणि त्या पाण्यात उतरल्या. काही अंतरावर थांबून बराच वेळ बघत राहिल्या. परत येताना त्यांनी अक्काला विचारलं, "पाट्या कोन्या शेत?" त्या अहिराणीत बोलल्या आणि मी चमकलो. ऑफिसात त्यांच्या तोंडून अहिराणीचा एक शब्दही मी ऐकला नव्हता.

"तापीमायन्या," अक्का म्हणाली.

मग अक्कानं सगळं सांगितलं. पट्ट्यांची वाटणी, पाट्यांची वाटणी, नानांशी झालेलं भांडण, वाहून गेलेली खरबुजं. बाई वाळूत बसल्या. अक्कानं कलिंगड फोडलं. बाई खात होत्या आणि बिया एका हातात जमवत होत्या.

"पाट्या तुम्ही मागितल्यात?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. त्यांनी दिल्या."

"उचलीच्या दिवशी?"

"हो."

बाईंनी आणखी एक फोड घेतली. मी दूर नदीकडे बघत होतो आणि मनात शालनला काय सांगायचं ते जुळवत होतो. दुकानाची चावी खिशातच होती. ती मी उगाच चाचपली.

"मी इथं कितीतरी उन्हाळे येतेय," बाई म्हणाल्या. "लोक मला 'हो बाई' म्हणतात. हा रिकामा पट्टा का आहे, ते मी कधी विचारलं नाही." त्यांनी हात पुसले. "नापास ते नापास. ते बदलणार नाही. काम पुन्हा करावं लागेल, पूर ओसरल्यापासून. पट्टे वाटायच्या दिवशी यायचं आणि माल उचलेपर्यंत राहायचं. या खेपेला पगारावर. वर्षभराचा पगार द्यायची माझी ऐपत नाही. पावसाळ्याचे चार महिने तुमचे तुम्ही बघायचे."

मला नीट समजायला थोडा वेळ लागला. मग मी विचारलं, "आणि हात लावायचा?"

"आधी मला कळवायचं," बाई म्हणाल्या. "मग लावायचा."

पाण्यातल्या एका पाटीतून वाळूच्या रंगाचं एक पिल्लू काठापर्यंत आलं आणि पाणी बघून मागे फिरलं. हे सगळ्यात आधी नानांनी बघितलं.

पाणी ओसरून उरलेली पिल्लं वाळूवर उतरेपर्यंत मी राहिलो. निघताना नानांनी एक कलिंगड माझ्या बॅगेत कोंबलं. त्यामुळे चेन तुटली. "पट्टा वाटाले या भाऊ," ते म्हणाले. "तुमना हाते चिठ्ठ्या उचलसूत."

सांगली

घरात शिरलो तेव्हा मशीन चालू होतं. शालननं माझा काळा झालेला चेहरा बघितला, मग बॅग बघितली.

"काय झालं?"

"नापास झालो."

मशीन थांबलं. तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं, वाईट वाटलेलं दिसत होतं. ते बघून मला ती एकदम फार आवडली.

"आणि नोकरी लागली," मी म्हणालो. "आठ महिने तिकडे. पावसाळ्यात इथं."

"ऊन लागलंय तुम्हाला," ती म्हणाली आणि पाणी आणायला उठली. मग कलिंगड कापताना मी तिला सगळं सांगितलं. पाट्यांचं, अक्काचं, बाईंचं, पहिल्या उचलीच्या संध्याकाळचं. दोन्ही उघडं ठेवून घर चालत नाही, हे तिचं वाक्य आमच्या दोघांच्या मध्ये ताटासारखं मांडलेलं होतं आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. तिनं बिया धुऊन फडक्यावर वाळत घातल्या आणि पुन्हा मशीनवर बसली.

आठवडाभर असाच गेला. एका सकाळी खुंटीवर चावी दिसली नाही, तसाच दुकानावर गेलो तर दारासमोर स्टूल ठेवून रंगारी उभा होता. फळीवरच्या 'घड्याळ दुरुस्ती' या जुन्या अक्षरांखाली त्यानं नवी ओळ लिहायला घेतली होती: 'दुकान फक्त पावसाळ्यात उघडे'. शालन आत काउंटरवर बसून फडक्यानं काच पुसत होती.

मी दारातच उभा राहिलो. डोळे भरून आले. रंगाऱ्यानं वळून माझ्याकडे बघितलं.

"असलं कसलं दुकान हो हे?" तो म्हणाला.

"तू लिही," शालन आतून म्हणाली.